'लाईट' म्हणजे नेमकं काय? अर्थ, समानार्थी शब्द आणि रोजच्या बोलण्यातला वापर

"लाईट आहे का?" हा एकच प्रश्न नातेपुत्यात चार ठिकाणी विचारला, तर त्याचे चार वेगळे अर्थ होतात. घरात विचारला तर वीज आहे का, पंखा चालेल का. झेरॉक्सच्या दुकानात विचारला तर प्रत निघेल का. मळ्यात विचारला तर थ्री फेज चालू आहे का, विहिरीवरची मोटर सुरू करता येईल का. आणि साडीच्या दुकानात "यात जरा लाईट आहे का?" असं विचारलं, तर दुकानदार वायरमनला फोन करत नाही, फिकट रंगाची साडी काढून समोर टाकतो.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातल्या या गावात काय किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात काय, 'लाईट' हा शब्द इंग्रजी आहे हे बोलताना कुणाच्या लक्षातही येत नाही. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा "लाईट गेली गं" असंच म्हणते. पण इंग्रजीतला 'लाइट' आणि मराठीतली 'लाईट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळला नाही तर इंग्रजी बोलताना घोळ होतो, वीज कंपनीकडे केलेली तक्रार अर्धवट राहते आणि कधी कधी जिवावरही बेतू शकतं. म्हणून या शब्दाचे अर्थ, त्याचे मराठी पर्याय आणि कुठे कोणता शब्द वापरावा, हे नीट समजून घ्यायला हवं.

इंग्रजीत 'लाइट' हे दोन शब्द आहेत

इंग्रजीत एकाच स्पेलिंगचे दोन 'लाइट' आहेत. पहिल्याचा अर्थ प्रकाश किंवा दिवा. दुसऱ्याचा अर्थ हलका, म्हणजे वजनाने कमी. दोन्ही शब्द दिसायला आणि ऐकायला सारखे असले तरी त्यांची मुळं वेगळी आहेत. फार जुन्या काळी ते वेगवेगळ्या शब्दांपासून निघाले आणि उच्चार बदलत बदलत सारखे झाले.

यात मराठी माणसाला गंमत वाटावी अशी एक गोष्ट आहे. वजनाने हलका असा अर्थ असणारा इंग्रजी 'लाइट' आणि संस्कृतातला 'लघु' हे एकाच प्राचीन मुळातून आलेले शब्द आहेत. आपला 'हलका' हा शब्दही 'लघुक'पासूनच आलेला आहे; प्राकृतातून येताना 'ल' आणि 'ह' यांनी जागा बदलल्या आणि 'हलका' तयार झाला. म्हणजे 'लाइट' आणि 'हलका' हे लांबचे का होईना, चुलतभाऊच आहेत. प्रकाश या अर्थाचा 'लाइट' मात्र वेगळ्या घराण्यातला. त्याचं नातं संस्कृतातल्या 'रुच्' म्हणजे चमकणे या धातूशी आहे.

मराठी बोलण्यात हे दोन्ही अर्थ आले, आणि त्यात तिसरा अर्थ आपण स्वतः घातला: वीजपुरवठा. आज मराठीत या शब्दाचा सर्वांत जास्त वापर याच तिसऱ्या अर्थाने होतो.

लाईटचे मराठी समानार्थी शब्द

समानार्थी शब्द म्हणजे एकाच्या जागी दुसरा कुठेही बसवता येईल असे शब्द नव्हेत. प्रत्येकाची आपली जागा असते.

• प्रकाश: पुस्तकी आणि शास्त्रातला शब्द. सूर्यप्रकाश, प्रकाशाचा वेग, प्रकाशसंश्लेषण. एखादी दडलेली गोष्ट पुढे आणणे या अर्थाने 'प्रकाश टाकणे' आणि 'प्रकाशात येणे' असेही वाक्प्रचार आहेत.

• उजेड: घरगुती शब्द. "उजेडात बसून वाच", "अजून उजेड आहे तोवर घरी ये." टोमणा मारायलाही हाच शब्द कामी येतो: "मोठा आला, काय उजेड पाडला?"

• दिवा: उजेड देणारी वस्तू. तेलाचा, तुपाचा, गाडीचा, रस्त्यावरचा, कुठलाही. टोमण्यासाठी "काय दिवे लावलेस?" हेही आहेच.

• वीज: पंखा, मोटर, गिरणी चालवणारी शक्ती. पावसाळ्यात आकाशात कडाडते तीही वीजच.

• विद्युत: वीज या अर्थाचा संस्कृत शब्द. सरकारी कागद, पाठ्यपुस्तकं आणि जोडशब्दांत दिसतो. विद्युत पुरवठा, विद्युत दाहिनी, विद्युत रोषणाई.

• बत्ती: हिंदीतून आलेला शब्द. मूळ संस्कृत 'वर्ति', त्यापासूनच मराठीत 'वात' झाली. म्हणजे समईतली वात आणि गॅसबत्तीतली बत्ती एकाच शब्दाची दोन रूपं. सिनेमाच्या नावामुळे 'बत्ती गुल' हा प्रयोग मराठी तरुणांच्याही तोंडी बसला.

• कंदील: मूळ अरबी शब्द, पण आता पुरता मराठी. परवानगी मिळणे या अर्थाने इंग्रजीत 'ग्रीन लाइट' म्हणतात. मराठीत 'हिरवा कंदील' दाखवतात.

• रोषणाई: सणासमारंभातली दिव्यांची आरास. लग्नाच्या मांडवात हिलाच 'लाईटिंग' म्हणतात.

• हलका, फिकट, सौम्य: दुसऱ्या 'लाइट'चे पर्याय. सामान हलकं, रंग फिकट, चव सौम्य. "रात्री लाईट जेवतो" म्हणजे हलका आहार घेतो.

देवाधर्माच्या आणि मानाच्या गोष्टींत मात्र लाईटला जागा मिळालेली नाही. देवापुढे दिवाच लागतो. आषाढी अमावास्या ही 'दिव्यांची अवस'च राहिली. संध्याकाळच्या वेळेला 'दिवेलागण' म्हणतात. देवापुढची ज्योत 'बंद' करत नाहीत, दिवा मालवतात. मंत्र्याला मिळायचा तो 'लाल दिवा'. गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून गेले, तरी मंत्रिपद मिळालं की 'लाल दिवा मिळाला' असं अजूनही म्हटलं जातं. यंत्राचा उजेड तो लाईट आणि मनाचा उजेड तो दिवा, अशी वाटणी मराठीने कुणी न सांगता करून टाकली आहे.

लाईट गेली की लाईट गेला?

हा प्रश्न सोशल मीडियावर अधूनमधून निघतो आणि दोन्ही बाजूंनी भांडण होतं. प्रत्यक्षात दोन्ही प्रयोग ऐकू येतात, आणि त्यामागे साधं कारण आहे. परका शब्द मराठीत आला की ज्या मराठी शब्दाच्या जागी तो बसतो, त्याचं लिंग बऱ्याचदा उचलतो. वीज स्त्रीलिंगी, म्हणून वीजपुरवठ्याच्या अर्थाने "लाईट गेली", "लाईट आली". दिवा पुल्लिंगी, म्हणून "खोलीतला लाईट बंद कर", "गाडीचा लाईट फुटला" असंही म्हणतात. काही भागांत दिव्यालाही स्त्रीलिंगीच ठेवतात: "लाईट बंद केली का?" यातलं कुठलंही चूक नाही. वीजपुरवठ्याच्या अर्थाने मात्र "लाईट गेली" हेच जास्त रुळलेलं आहे.

अनेकवचनात शहरी बोलीत 'लाइट्स' म्हणतात, तर गावाकडे सरळ 'लाईटी'. "दारात लाईटी लावल्यात", "लाईटीचा खांब", "लाईटीचं बिल" ही अस्सल मराठी घडण आहे. परक्या शब्दाला मराठी प्रत्यय लागला की तो घरचाच होतो. लिहिताना 'लाइट' आणि 'लाईट' अशी दोन्ही रूपं छापून येतात.

दिव्याचं नाव विजेला कसं चिकटलं?

पंखा विजेवर चालतो, मोटर विजेवर चालते, पिठाची गिरणी विजेवर चालते. मग सगळ्याला 'लाईट' हे दिव्याचं नाव का?

कारण वीज आली ती दिव्याच्या रूपात. मुंबईत 1865 मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, 1882 मध्ये क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लागले. खेड्यापाड्यांत वीज पोहोचायला मात्र बरीच वर्षं लागली. 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या काही दशकांत गावोगावी खांब उभे राहिले. घरात तार आली की पहिल्यांदा लागायचा तो एक बल्ब. फ्रिज, टीव्ही, मिक्सर ही फार पुढची गोष्ट. तारेतून काय वाहतं ते दिसत नव्हतं, दिसायचा तो दिवा. म्हणून जे दिसलं त्याचंच नाव न दिसणाऱ्याला मिळालं.

दुसरं असं की 'वीज' हा शब्द आधीच आकाशातल्या विजेसाठी वापरात होता. "वीज आली" म्हटलं तर ऐकणाऱ्याने आधी वर बघावं अशी परिस्थिती. 'लाईट' या शब्दात तो गोंधळ नव्हता.

हे काही फक्त मराठीतच झालेलं नाही. स्पॅनिश भाषेत वीज गेली की "से फुए ला लूस" म्हणतात, म्हणजे शब्दशः "लाईट गेली". नायजेरियातल्या इंग्रजीत वीज नसेल तर "नो लाइट" म्हणतात. अमेरिकेतही विजेच्या बिलाला 'लाइट बिल' म्हणणारी माणसं आहेत. म्हणजे आपलं 'लाईटबिल' हसण्यावारी नेण्याचं कारण नाही. दक्षिणेकडे मात्र लोकांनी दिव्याऐवजी तारेतल्या प्रवाहाचं नाव धरलं. सोलापूर शहरात तेलुगू आणि कन्नड बोलणारी बरीच कुटुंबं आहेत. त्या भाषांत वीज गेली की 'करंट' गेला असं म्हणतात. एकाच जिल्ह्यात एका घरातली लाईट जाते आणि शेजारच्या घरातला करंट जातो.

गावच्या बोलण्यातली लाईट

माळशिरस तालुक्याच्या बऱ्याच भागाला नीरा उजव्या कालव्याचं पाणी मिळतं. ऊस हे इथलं मोठं पीक. विहीर, बोअर किंवा शेततळ्यातलं पाणी पिकापर्यंत न्यायचं तर मोटर लागते आणि मोटरीला लाईट. त्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडी या शब्दाचे जे प्रकार आहेत, ते कुठल्याही शब्दकोशात सापडणार नाहीत.

• शेतीची लाईट आणि गावची लाईट: गावठाणाची वाहिनी वेगळी आणि शेतीपंपांची वेगळी. घरात दिवा लागलेला असतो तेव्हा मळ्यात मोटर चालेलच असं नाही.

• थ्री फेज: मोठी मोटर चालवणारी लाईट. शेतीला ती ठरावीक वेळेतच मिळते. दिवसा 8 तास किंवा रात्री 10 तास अशी आलटून पालटून वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रात बरीच वर्षं चालत आली आहे.

• सिंगल फेज: दिवा, पंखा, टीव्ही चालेल एवढी लाईट. वस्तीवरच्या घरांना तिचाच आधार.

• रातची लाईट: रात्रीच्या पाळीला येणारी वीज. म्हणजे थंडीवाऱ्यात, साप-विंचवाच्या भीतीत उसाला पाणी धरणं.

• लाईट डिम आहे, लाईट बारीक आहे: दाब कमी आहे. बल्ब मंद पेटतो, मोटर नुसती गुरगुरते.

• डीपी: खांबावरचं किंवा ओट्यावरचं रोहित्र आणि त्याची पेटी. 'रोहित्र' हा सरकारी मराठी शब्द, पण गावात कुणी "रोहित्र जळालं" असं म्हणत नाही. "डीपी जळाला" म्हणतात.

• डीओ उडाला: रोहित्राच्या वरच्या बाजूचा फ्यूज गेला.

• आकडा: तारेवर चोरून टाकलेली जोडणी. बोलायला छोटा शब्द, पण हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळही.

'दिवसा लाईट द्या' ही शेतकऱ्यांची मागणी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं ऐकू येते. 2017 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश हाच आहे: उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची. 2023 मध्ये या योजनेचा दुसरा टप्पा आला. त्या मागणीतली 'लाईट' म्हणजे दिवा नव्हे हे उघड आहे. भर दुपारी दिव्याची गरज कुणालाच नसते. ती मागणी रात्रीच्या झोपेची आणि सुरक्षित कामाची आहे.

दिवा गेला म्हणजे वीज गेली का?

'लाईट' या शब्दाने इथे सर्वांत मोठा घोळ केला आहे. दिवा आणि वीज यांना एकच नाव दिल्यामुळे दिवा विझला की तारेतली वीजही गेली असं मन धरून चालतं. प्रत्यक्षात तसं नसतं.

बल्ब पेटायला दोन तारा लागतात: फेज आणि न्यूट्रल. न्यूट्रलची तार तुटली तर बल्ब विझतो, पंखा थांबतो, घरात सगळे म्हणतात "लाईट गेली." पण फेजच्या तारेत पूर्ण 230 व्होल्टचा दाब तसाच असतो. अशा वेळी "आता लाईटच नाही" म्हणून बोर्ड उघडला किंवा तार हातात धरली तर जोराचा धक्का बसतो.

दुसरी गोष्ट, खांबावर तीन फेज असतात. एक फेज गेली की काही घरं अंधारात जातात आणि शेजारच्या घरात दिवा लागलेला असतो. अंधार झालेल्या घराला वाटतं लाईट गेली, पण खांबावरच्या बाकीच्या तारा जिवंतच असतात. मळ्यातली थ्री फेज मोटर अशा वेळी दोनच फेजवर चालत राहिली, तर तापते आणि वाइंडिंग जळतं.

तिसरी गोष्ट, गेलेली लाईट सांगून परत येत नाही. बिघाडामुळे वाहिनी बंद पडली तर ती काही वेळाने पुन्हा चालू करून पाहिली जाते. मोटरीला ऑटो स्विच लावलेला असेल तर वीज येताक्षणी मोटर आपोआप फिरू लागते. हात पंपात किंवा पेटीत असेल तर सावरायलाही वेळ मिळत नाही. शिवाय अशा शेकडो मोटरी एकदम सुरू झाल्या की रोहित्रावर अचानक भार येतो. ऑटो स्विच लावू नका असं महावितरण सांगतं, त्याचं हे कारण.

चौथी गोष्ट, शेजारी कुणी चुकीच्या पद्धतीने जनरेटर किंवा इन्व्हर्टर जोडला असेल तर उलट्या बाजूनेही वीज तारेत येऊ शकते.

म्हणून घरातल्या मोठ्यांनी मुलांना शब्दातला हा फरक स्पष्ट सांगून ठेवावा: लाईट गेली म्हणजे दिवा गेला एवढंच समजायचं. तारेत वीज नाही, हे तपासल्याशिवाय धरायचं नाही. घरात काम करायचं तर मेन स्विच बंद करून, आणि खांबावरचं किंवा पेटीतलं काम फक्त वायरमननेच करायचं. वादळात तार तुटून पडली असेल तर दिवे गेलेले असोत वा नसोत, तिच्यापासून लांबच राहायचं, इतरांना आणि जनावरांना लांब ठेवायचं आणि लगेच कळवायचं.

आषाढीच्या वारीत याची जास्त आठवण ठेवावी लागते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडहून निघाली की धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि तिचा त्या दिवशीचा मुक्काम नातेपुत्यात असतो. एका रात्रीत मोकळ्या जागांवर राहुट्या उभ्या राहतात, ट्रक लागतात, तात्पुरत्या लाईटी ओढल्या जातात. पाऊसही त्याच दिवसांतला. ओल्या जमिनीवर लोंबणारी जोडवायर, तंबूचा लोखंडी खांब, ट्रकच्या टपावर उभा राहिलेला माणूस आणि वरून गेलेली तार, यातल्या कुठल्याही धोक्याचा दिवा लागण्याशी किंवा विझण्याशी संबंध नसतो.

तक्रार करताना 'लाईट नाही' एवढं पुरत नाही

विद्युत मंडळाचं 2005 मध्ये विभाजन झालं आणि वीज वितरणाचं काम महावितरणकडे आलं. तरी गावात अजून 'एमएसईबी' किंवा 'लाईटचं ऑफिस' असंच म्हणतात. तक्रार करताना अधिकृत नाव आठवलं नाही तरी चालतं, पण "लाईट नाही" एवढ्या दोन शब्दांतून पलीकडच्या माणसाला काही कळत नाही. तेच नेमकं सांगितलं तर काम लवकर होतं.

• "आमच्या एकाच घरात वीज नाही, शेजारी आहे." म्हणजे घराची जोडणी, फ्यूज किंवा मीटरचा प्रश्न.

• "आमच्या ओळीतल्या काही घरांत आहे, काहींत नाही." म्हणजे एक फेज गेली असण्याची शक्यता.

• "पूर्ण डीपीवर वीज नाही." म्हणजे रोहित्राचा किंवा डीओचा प्रश्न.

• "वीज आहे पण दाब कमी आहे." इथे 'डिम' म्हटलं तरी कळतं, लिहिताना 'कमी दाब' लिहावं.

• "दाब अचानक वाढला, बल्ब फुटले." न्यूट्रल तुटल्याने असं होऊ शकतं. मेन स्विच लगेच बंद करावा.

• "तार तुटून पडली आहे." हे सर्वांत आधी सांगावं, जागेच्या खुणेसह.

तक्रारीसाठी 1912 हा क्रमांक आहे. फोन करताना बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक जवळ ठेवावा. लेखी अर्जात "लाईट गेली आहे" ऐवजी "वीजपुरवठा खंडित झाला आहे" असं लिहिण्याची पद्धत आहे. अर्जात कधीपासून, कुठे आणि किती घरांचा, हे तीन तपशील असले की अर्ज पुरा होतो. भाषा साधी असली तरी चालते, तपशील अर्धे नकोत.

इंग्रजी बोलताना कुठे चुकतं?

नातेपुत्यासारख्या गावातून पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलामुलींची इथे हमखास अडचण होते. ऑनलाइन मुलाखत चालू असताना वीज जाते आणि तोंडातून निघतं, "सर, लाइट इज गॉन." समोरचा माणूस भारतीय असेल तर समजून घेतो. परदेशी असेल तर त्याला वाटतं खोलीतला दिवा गेला किंवा बाहेर संध्याकाळ झाली. दिवा गेल्याने कॉल का तुटावा, हे त्याला कळत नाही.

• वीज गेली: "द पॉवर इज आउट" किंवा "देअर इज अ पॉवर कट". अमेरिकेत 'पॉवर आउटेज' जास्त चालतं.

• वीज आली: "द पॉवर इज बॅक".

• ठरवून केलेली वीजकपात, म्हणजे भारनियमन: 'लोडशेडिंग'. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत हा शब्द सर्वांना माहीत आहे. इतरत्र समजावून सांगावा लागू शकतो.

• विजेचं बिल: "इलेक्ट्रिसिटी बिल". 'लाइट बिल' चूक नाही, पण अनौपचारिक आहे.

• दिवा लाव, दिवा बंद कर: "टर्न ऑन द लाइट", "टर्न ऑफ द लाइट". मराठीतल्यासारखं 'ओपन' आणि 'क्लोज' इथे चालत नाही.

• अपुऱ्या प्रकाशामुळे खेळ थांबला: "बॅड लाइट स्टॉप्ड प्ले". क्रिकेटच्या समालोचनात नेहमी ऐकू येणाऱ्या या 'लाइट'चा विजेशी काही संबंध नाही, तो सूर्याचा उजेड.

• फिकट निळा: "लाइट ब्लू". सामान हलकं आहे: "द बॅग इज लाइट".

'लाईट घे' आणि 'लाईटली घेऊ नकोस'

तरुणांच्या बोलण्यात "लाईट घे रे" म्हणजे मनावर घेऊ नकोस, फार विचार करू नकोस. इथे हलका या अर्थाचा 'लाइट' आहे. याला मराठीत 'मनावर घेऊ नकोस', 'सोडून दे', 'हसण्यावारी ने' असे पर्याय आहेत. याच्या उलट "त्याला लाईटली घेऊ नकोस" म्हणजे त्याला कमी लेखू नकोस, गाफील राहू नकोस. एकाच शब्दातून एकदा धीर दिला जातो आणि एकदा इशारा. सूर आणि प्रसंग पाहूनच अर्थ लावावा लागतो. चॅटिंगमध्ये सूर ऐकू येत नाही, म्हणून दुःखात किंवा रागात असलेल्या माणसाला नुसतं "लाईट घे" असं टाइप करणं टाळलेलं बरं. बोलताना खांद्यावर हात ठेवून म्हटलेले हे दोन शब्द लिहिताना तुटक वाटतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लाईट हा शब्द मराठी मानायचा का?
मूळ इंग्रजी, पण वापर, लिंग, अनेकवचन आणि अर्थ या चारही बाबतींत तो मराठी झाला आहे. टेबल, पेन, बस यांच्याच पंगतीतला.

शाळेच्या निबंधात 'लाईट गेली' लिहिलं तर चालेल का?
संवादात चालेल. निबंधात आणि अर्जात 'वीज गेली' किंवा 'वीजपुरवठा खंडित झाला' लिहावं.

वीज आणि विद्युत यात फरक काय?
अर्थ एकच. 'वीज' बोलण्यात आणि लिहिण्यात दोन्हीकडे चालते. 'विद्युत' बहुतेक वेळा जोडशब्दात किंवा सरकारी भाषेत येतो.

'शॉक लागला' याला मराठीत काय म्हणतात?
विजेचा धक्का बसला. "वीज पडली" म्हणजे आकाशातली वीज कोसळली. बातमी किंवा अर्ज लिहिताना या दोन गोष्टींची गल्लत करू नये, कारण एकीची नोंद नैसर्गिक आपत्ती म्हणून होते आणि दुसरीची विद्युत अपघात म्हणून.

कुणाला शॉक लागला तर आधी काय करायचं?
त्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच बंद करायचा. घरातला पुरवठा बंद करता येत नसेल तर स्वतः कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून वेगळं करायचं. खांबावरच्या उच्च दाबाच्या तारेचा संबंध असेल तर लाकूड घेऊनही जवळ जायचं नाही. 1912 वर कळवून पुरवठा बंद करून घ्यायचा. माणूस सुटल्यावर तो बरा दिसला तरी दवाखान्यात न्यायचा.